जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

मुलुंडच्या एका भगिनीने पत्र पाठवून विचारले आहे : "मोठ्या मुलाच्या कॉलेजच्या वेळी घेतलेला संगणक घरात पडून आहे. सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेतो. दुकानदार म्हणतो, भंगारात टाका, नवीन घ्या. धाकटी मुलगी आता अकरावी कॉमर्सला आहे. नवीन घेण्याची आमची ऐपत नाही. काय करावे?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून उत्तर सदरातच देत आहे. ज्या घरात पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो, त्या घराने दुकानदाराच्या एका वाक्यावर वीस-पंचवीस हजारांचे कर्ज काढू नये. आधी रविवारची एक दुपार आणि एक कोरी सीडी खर्च करून पाहावी.

यंत्र म्हातारे का वाटते?

दहा बाय बाराच्या खोलीत बंगल्यातले सामान भरले तर माणसाला फिरता येत नाही. त्यात खोलीचा दोष काय? जुन्या संगणकाचे तेच होते. आतली मेमरी एक-दोन जीबीच राहते, पण त्यावर चालणारी विंडोज आणि तिच्या सोबतचे कार्यक्रम वर्षागणिक जड होत जातात. शिवाय कंपनी जुन्या आवृत्तीची देखभाल थांबवते. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे कचेऱ्यांतून चांगली चालती यंत्रेही आता निकालात निघत आहेत. त्यांतली काही आपल्या वस्त्यांतील अभ्यासिकांना मिळू शकतात. मात्र ती चालवायची कशी, हे माहीत असले पाहिजे.

यावर उपाय म्हणजे खोलीला शोभेल एवढेच सामान ठेवणे. असे हलके सामान 'लिनक्स'मध्ये मिळते.

लिनक्स ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सर्वांना मोकळेपणी वापरता येईल अशी संगणक-प्रणाली उभारण्याचे काम जाहीर केले. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा तयार केला. या प्रणालीची प्रत काढणे, ती शेजाऱ्याला देणे, तिच्यात बदल करणे, हे सारे परवान्यानेच मान्य आहे. रस्त्यावर मिळणारी विंडोजची चोरटी सीडी आणि लिनक्सची सीडी यांत हाच फरक आहे. चोरटी सीडी वापरणारा गुन्ह्यात सापडू शकतो. लिनक्सची एक सीडी मात्र दहा घरांत फिरवली तरी कायद्याने काही वावगे होत नाही.

हे आपल्या लोकांना जमेल का, अशी शंका कोणी घेऊ नये. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराटच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले गेले होते. त्यांत मेमरी होती अवघी २५६ एमबी आणि त्यावर लिनक्सच चालत होते. डोंगरातल्या वाडीवरच्या मुलांनी ते हाताळले. मग घाटकोपर-बोरिवलीच्या मुलांना का जमू नये?

कोणती सीडी घ्यावी?

हलक्या लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. 'डॅम स्मॉल लिनक्स' एके काळी अवघ्या ५० एमबीत बसत असे. त्याची २०२४ ची नवी आवृत्ती ७०० एमबीच्या सीडीत मावेल अशी बेतलेली आहे. 'अँटिएक्स'ला ५१२ एमबी मेमरी असली तरी चालते. घरच्या एका यंत्रासाठी मी 'पपी लिनक्स' सुचवतो. ऑस्ट्रेलियातील बॅरी कौलर यांनी २००३ साली ते सुरू केले. २०२० साली निघालेली त्याची 'फोसापप' ही आवृत्ती सुमारे ४०० एमबीची आहे, म्हणजे साध्या सीडीत आरामात मावते. नंतरच्या काही आवृत्त्या मोठ्या आहेत, तेव्हा उतरवून घेण्यापूर्वी आकार पाहावा. आपले यंत्र ३२ बिटचे की ६४ बिटचे, हेही पाहून घ्यावे. ६४ बिटची सीडी ३२ बिटच्या यंत्रावर चालत नाही. यंत्राला सीडीचा ड्राइव्हच नसेल तर हेच काम पेनड्राइव्हवरून होते.

सीडी बनवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उतरवलेली फाइल नेहमीच्या फाइलसारखी सीडीवर नुसती कॉपी करू नये. सीडी लिहिण्याच्या कार्यक्रमात 'इमेज' लिहिण्याचा पर्याय असतो, तो निवडावा आणि वेग कमी ठेवावा. नुसती कॉपी केलेल्या सीडीवरून यंत्र सुरूच होत नाही, आणि लोक म्हणतात लिनक्स खराब आहे.

सर्वात आधी घरचे कागद वाचवा

इथे बंधू-भगिनींनी जरा थांबावे. या सर्व कामात घाबरण्यासारखी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसला जाणे.

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आजोबांच्या शाळेचा उतारा गावाहून किती खेपा घालून आणलेला असतो! २६ जुलै २००५ च्या पुरात उपनगरांतल्या कितीतरी घरांचे कागद भिजून लगदा झाले. ज्यांनी असा उतारा स्कॅन करून ठेवला, त्यांची ती प्रत आज कोठे आहे? बहुधा याच जुन्या संगणकात, डेस्कटॉपवरच्या कुठल्यातरी 'न्यू फोल्डर'मध्ये. दुरुस्तीवाला "फॉरमॅट मारतो" म्हणाला आणि आपण "मारा" म्हणालो, की मुलीच्या जात पडताळणीच्या वेळी पुन्हा गावचे खेटे सुरू. आणि गावच्या शाळेतले जुने रजिस्टर तोवर शाबूत असेलच, याची खात्री कोणी द्यावी?

म्हणून आधी यादी करावी. दाखले, गुणपत्रिका, घराचे व झोपडीच्या पात्रतेचे कागद, आई-वडिलांचे फोटो, मंडळाचे हिशेब, टॅलीचा डाटा. विंडोजमध्ये या गोष्टी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स या चार ठिकाणी असतात, एक्सपी असेल तर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये. डी ड्राइव्हही पाहावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली पत्रे असतील, तर जुनी विंडोज चालू आहे तोवरच त्यांच्या पीडीएफ करून घ्याव्यात. तो टंक नसलेल्या यंत्रावर ही अक्षरे वेडीवाकडी दिसतात. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर काढाव्यात. एक घरी ठेवावी, एक नातेवाइकाकडे.

विंडोज सुरूच होत नसेल तरी निराश होऊ नये. पपीच्या सीडीवरूनच या फाइली बाहेर काढता येतात.

प्रत्यक्ष काम

सीडी घालून यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. सुरू होताच पडद्यावर क्षणभर एक ओळ येते : एफ२, एफ१२, एस्केप किंवा डिलीट दाबा म्हणून. कंपनीप्रमाणे कळ बदलते. ती दाबून, यंत्राने आधी सीडी वाचावी असे निवडावे. यंत्राची तारीख दर वेळी मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा गोल सेल संपलेला आहे, तो बदलावा. तारीख चुकीची असली की पुढे इंटरनेटवरची पानेही उघडायला नकार देतात.

थोड्या वेळात पपी सुरू होते. या घडीला ती केवळ मेमरीतून चालत असते. हार्ड डिस्कवर तिने एक अक्षरही लिहिलेले नसते. इथेच अर्धा तास घालवावा. आवाज येतो का, वायफाय लागते का, पडदा नीट दिसतो का, छपाईयंत्र ओळखले जाते का, सारे तपासावे. पसंत नसेल तर सीडी काढा, यंत्र जसे होते तसेच राहील. खाली डिस्कची छोटी चित्रे दिसतात. त्यांवर एसडीए१, एसडीए२ अशी नावे असतात. ते आपल्या हार्ड डिस्कचे भाग, म्हणजेच विंडोजचे सी आणि डी. त्यावर टिचकी मारली की जुन्या फाइली दिसतात. तिथून त्या पेनड्राइव्हवर घेता येतात.

आता हार्ड डिस्कवर बसवणे. मेनूतील 'सेटअप'मध्ये पपी इन्स्टॉलर आहे. तो दोन पद्धती देतो. एकीला इंग्रजीत 'फुल' म्हणतात. तिला डिस्कचा स्वतंत्र भाग द्यावा लागतो, आणि तो फॉरमॅट करताना त्यावर जे असेल ते जाते. दुसरी 'फ्रुगल', म्हणजे काटकसरीची. तिच्यात पपीच्या मोजक्या फाइली एका फोल्डरमध्ये जाऊन बसतात. विंडोज आणि तिच्यातले कागद आपल्या जागी राहतात. मुलुंडच्या भगिनीने काटकसरीची पद्धतच घ्यावी. डी ड्राइव्हवर चार-पाच जीबी जागा मोकळी असली की पुरे.

त्यानंतर 'ग्रब४डॉस' नावाचा कार्यक्रम चालवायचा. यंत्र सुरू होताना 'पपी की विंडोज' असे विचारणारी पाटी तो तयार करतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांसाठी हाच ठीक. विंडोज ८ किंवा १० सोबत आलेल्या यंत्रांची सुरू होण्याची पद्धत वेगळी असते, तिथे जाणकार सोबत घ्यावा. अशा यंत्रांवर विंडोज आधी पूर्णपणे बंद केलेली असावी. अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर काही लिहायला जाऊ नये.

कोणाला डिस्कचे भाग नव्याने पाडायचेच असतील तर 'जीपार्टेड' आहे. त्यात केलेले बदल हिरवी खूण दाबेपर्यंत कागदावरच असतात. खूण दाबली की मागे फिरता येत नाही. म्हणून दाबण्यापूर्वी डिस्कचा आकार मोठ्याने वाचावा : ही ३२० जीबीची हार्ड डिस्कच आहे ना, की आपला १६ जीबीचा पेनड्राइव्ह? लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा. मधेच वीज गेली तर डिस्क अर्धवट राहते.

सीडी काढून यंत्र पुन्हा सुरू करावे आणि पाटीवर पपी निवडावी. पहिल्यांदा बंद करताना ती विचारते, आपले काम कुठे साठवू? तेव्हा एक-दोन जीबीची सेव्ह फाइल करून द्यावी. हे केले नाही तर मुलीने केलेल्या मांडण्या दुसऱ्या दिवशी दिसणार नाहीत. सीडी फेकू नये. पुढे कधी यंत्र अडले तर तीच उपयोगी पडते.

मराठीसाठी एक काम उरते. मराठीच्या जागी चौकोन दिसले, तर यंत्रात देवनागरी टंक नाही असे समजावे. 'लोहित देवनागरी' किंवा मुंबईच्याच 'एक टाइप'ने केलेला 'मुक्त' टंक फुकट मिळतो. तो फाँट्सच्या फोल्डरमध्ये ठेवावा. लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्यासाठी २००० सालाच्या सुमारास मुंबईतून 'इंडलिनक्स' हे काम उभे राहिले होते. वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी त्याचे प्रवर्तक. आज आपल्याला आयते मिळते, त्यामागे अशा अनेकांचे विनामोबदला श्रम आहेत.

काय होईल, काय होणार नाही

अपेक्षा नीट ठेवाव्यात. पत्र, अर्ज, बायोडाटा, तक्ते, टायपिंगचा सराव, पीडीएफ वाचणे, हे सारे होईल. एक जीबी मेमरीवर इंटरनेटची जड पाने आणि व्हिडिओ मात्र अडखळतील. दोन जीबी असेल तर बरे. जुन्या मेमरीची पट्टी लॅमिंग्टन रोडला मिळू शकते. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि कॉमर्सच्या मुलीला टॅली लागणारच. म्हणूनच विंडोज पुसू नका असे म्हणतो. टॅलीचा सराव जुन्या विंडोजवर इंटरनेट न जोडता करावा, बाकीचे सारे पपीवर. आणखी एक : पपीमध्ये बसणारा माणूस हाच यंत्राचा मुख्य अधिकारी असतो. लहान मुलाने महत्त्वाची फाइल उडवली तर अडवणारे कोणी नाही. पुष्कळ मुले बसणार असतील अशा अभ्यासिकेत अँटिएक्ससारखी, प्रत्येकाला वेगळे नाव देणारी प्रणाली घ्यावी.

शिकायचे कुठे? पवईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. लिनक्स, लिबर ऑफिस अशा विषयांवरचे छोटे पाठ त्यात आहेत, पुष्कळसे मराठी आवाजात आहेत आणि ते विनामूल्य आहेत. एकाने उतरवून पेनड्राइव्हवर आणले की चाळीतल्या सगळ्यांना पाहता येतात.

शेवटी पालकांना एक सांगणे आहे. हे काम दुरुस्तीवाल्यावर सोपवून आपण बाजूला बसू नये, आणि फक्त मुलाला पुढे करून मुलीला चहा करायला पाठवू नये. सीडी घालणे, डिस्क ओळखणे, प्रती काढणे हे मुलीने स्वतःच्या हाताने करावे. पायऱ्या वहीत लिहून ठेवाव्यात. एका घरचे यंत्र सुरू झाले की तीच वही आणि तीच सीडी शेजारच्या घरी द्यावी. मुलुंडच्या भगिनीने काम झाल्यावर कळवावे, कुठे अडले तेही लिहावे. पुढच्या खेपेस त्या अडचणींवर बोलू.