‘मी बघतो’ म्हणणाऱ्यांनो, पट्टी दाखवा

मार्केट यार्डात शेतकऱ्याने माल टाकला की त्याच्या हातात पट्टी पडते. किती डाग आले, वजन किती भरले, भाव काय मिळाला, हमाली, तोलाई, गाडीभाडे किती कापले आणि शेवटी हातात काय उरले. या पट्टीवरून भांडणे होतात. पण पट्टी असते म्हणूनच भांडता येते. पट्टीच नसती तर शेतकऱ्याने कशाच्या जोरावर विचारले असते?

मी याच यार्डाच्या आसपास बसून लोकांचे रिटर्न भरतो. आयकर, जीएसटी, व्यवसाय कर, जे येईल ते. माझ्याकडे येणाऱ्यांत फळबाजारातले बागवान आहेत, भुसार विभागातले गाळेवाले आहेत, मसाला दळून पाकिटे भरणारे आहेत, टेम्पोवाले आहेत. शेतकऱ्याला रोज पट्टी फाडून देणाऱ्या या माणसांनी स्वतःच्या रिटर्नची पट्टी मात्र कधी पाहिलेली नसते. ते म्हणतात, ‘भाई, तुम देख लो.’ आम्ही म्हणतो, ‘मी बघतो.’ आणि व्यवहार मिटतो.

हा लेख त्या ‘मी बघतो’च्या विरोधात आहे. आणि सुरुवात स्वतःपासून करतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा हक्क आधी कमवावा लागतो.

माझे एक जुने ग्राहक आहेत, मी त्यांना चाचा म्हणतो. मिरची-मसाल्याचा छोटा धंदा. २०१८-१९ सालच्या इनपुट क्रेडिटमध्ये फरक निघाला आणि कलम ७३ खाली आदेश आला. कर होता ६२ हजार. व्याज १८ टक्क्यांनी वर्षानुवर्षे चढत गेलेले, म्हणजे मुद्दलाच्याही पुढे गेलेले. दंड वेगळा. चाचा घाबरून आले तेव्हा मी तेच वाक्य बोललो: मी बघतो.

नंतर सरकारने सवलत आणली. कलम १२८अ, १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या अशा मागण्यांमध्ये पूर्ण कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरला, की व्याज आणि दंड माफ. मला हे माहीत होते. मी काय केले? इंग्रजीतले परिपत्रक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले. शे-दीडशे ग्राहकांचा ग्रुप. चाचांनी ‘शुक्रिया’ लिहिले. मी समजलो, त्यांना कळले. ते समजले, भाईने काहीतरी चांगले पाठवले आहे. जूनमध्ये ते दुसऱ्याच कामाला आले तेव्हा विषय निघाला. कर भरायची मुदत उलटून गेली होती. ६२ हजारांत सुटणारा माणूस दुपटीहून जास्त रकमेत अडकला. मी माझी फी परत केली. व्याज परत करण्याची माझी ऐपत नव्हती.

माहिती पाठवणे आणि माहिती देणे यातला फरक मला त्या दिवशी कळला. परिपत्रक पुढे ढकलणे म्हणजे सांगणे नव्हे. ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याला, त्याच्या भाषेत, त्याचा आकडा घालून, मुदतीच्या आत सांगणे म्हणजे सांगणे.

माझी चूक आळसाची होती. आमच्या व्यवसायात याहून वाईट प्रकार चालतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर १५० ठिकाणी खोट्या वजावटींविरुद्ध तपासणी केली. रिफंडवर टक्केवारी घेणारे काही रिटर्न भरणारे लोकांच्या नावावर बनावट देणग्या, भाडे, विमा, आजारपणाचे खर्च दाखवत होते. विभागाच्या निवेदनानुसार त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी सुधारित विवरणपत्रे भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले. पण त्या निवेदनातली दुसरी एक गोष्ट मला जास्त टोचली. अशी मंडळी ढिगाने रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल उघडतात आणि नंतर सोडून देतात. नोटीस तिथे जाऊन पडते. ती कोणी वाचत नाही.

म्हणजे दंड कोणाला? ज्याचा पॅन त्याला. रिफंडमधला हिस्सा घेऊन गेलेला माणूस फोन उचलत नाही. आणि कायद्यापुढे ‘मला माहीत नव्हते, त्यानेच भरले’ हे उत्तर चालत नाही. सहीच्या जागी नाव तुमचे असते.

आता कोणी म्हणेल, कर तर दरवर्षी बदलतो, त्यात एवढे काय सांगायचे? मग गेल्या काही वर्षांत याच यार्डातल्या माणसाला काय काय कळायला हवे होते ते पाहा.

जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या वेष्टित, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळला. पण सुटे विकले तर काय, ३० किलोचे पोते असेल तर काय, हे किती गाळ्यांवर नीट समजावले गेले? २२ सप्टेंबर २०२५ पासून बदाम, पिस्ता, खजूर १२ वरून ५ टक्क्यांवर आले. त्या दिवसानंतरही ज्याच्या बिलात १२ टक्केच छापून येत राहिले, त्याने गिऱ्हाइकाकडून जास्त घेतले आणि ते सरकारला देण्याची जबाबदारी स्वतःवर ओढवून घेतली.

भागीदारी पेढ्यांचे घ्या. भुसारात बाप-लेक, भाऊ-भाऊ अशाच पेढ्या जास्त. १ एप्रिल २०२५ पासून पेढीने भागीदाराला दिलेला पगार, व्याज, मोबदला वर्षात २० हजारांच्या वर गेला की १० टक्के टीडीएस कापायचा. घरातल्या घरात पैसे देताना कर कापायचा, हे न सांगता कोणाला सुचेल?

आडत्यांचे घ्या. आडत म्हणजे कमिशन. कमिशनच्या उत्पन्नाला कलम ४४एडीची सोपी अंदाजी पद्धत चालत नाही. तरी ‘आठ टक्के दाखवून टाकू’ म्हणणारे रिटर्नवाले मी पाहिले आहेत. शेतमालावरच्या आडतीला जीएसटीची सूट आहे. पण शेतमाल म्हणजे काय? गोदामांबद्दलच्या नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने डाळ, गूळ आणि प्रक्रिया केलेला मसाला त्या व्याख्येबाहेर ठेवला. हरभरा आत, हरभऱ्याची डाळ बाहेर. हे ज्याला माहीत नाही तो चुकणारच.

आणि ४३बी(एच) ची ती घबराट. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर फार तर ४५ दिवसांत चुकते करा. नाहीतर तो खर्च त्या वर्षी धरला जाणार नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. २०२४ च्या मार्चमध्ये लोकांनी घाईघाईने कोणाकोणाचे पैसे चुकते केले, कोणी माल परत केला. तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांच्या बिलांसाठी आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याच्या बिलासाठी नाही, हे एक वाक्य वेळेवर सांगितले असते तर अर्धी धावपळ वाचली असती. जिथे माहिती पोचत नाही तिथे अफवा आधी पोचते.

सगळ्यात मोठी अफवा ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही तो सवलतीमुळे. करमुक्त मर्यादा ४ लाखच आहे. त्याच्या वर उत्पन्न असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावेच लागते. आणि शेअर विकून झालेल्या, वेगळ्या दराने कर लागणाऱ्या नफ्याला ती सवलत मिळत नाही. आता तर १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा आयकर कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले, ‘आर्थिक वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ यांच्या गोंधळाऐवजी एकच ‘करवर्ष’ आले. ही संधी आहे. नव्या कायद्यापुढे आपण सगळेच नवशिके आहोत. निदान आता तरी ग्राहकाला बरोबर घेऊन चालू या.

माझे व्यवसायबंधू यावर तीन उत्तरे देतात. पहिले: ग्राहकाला ऐकायला वेळ नसतो. अरे, पहाटे चारला बाजारात येऊन दोन रुपयांच्या भावफरकावर तासभर घासाघीस करणाऱ्या माणसाला ६२ हजारांसाठी पाच मिनिटे नसतील? दुसरे: एवढ्या फीमध्ये परवडत नाही. मग फी वाढवा, आणि कशासाठी वाढवली ते सांगा. लपवून स्वस्त राहण्यापेक्षा सांगून महाग होणे बरे. तिसरे उत्तर कोणी उघड बोलत नाही: सगळे सांगितले तर तो आपल्यावर अवलंबून राहणार नाही. हेच खरे दुखणे आहे. ग्राहकाच्या अज्ञानावर चालणारा धंदा हा सल्ला नव्हे, ती दलाली आहे. आणि यार्डातल्या दलालीलासुद्धा पट्टी द्यावी लागते.

सरकारही यातून सुटत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये करदात्यांची सनद जाहीर झाली. करदात्याला अचूक माहिती देऊ, असे वचन तीत आहे. पण नोटीस इंग्रजीत, तीही पोर्टलच्या कुठल्यातरी कोपऱ्यात. जीएसटीच्या आदेशावर अपील करायला तीन महिने, फार तर आणखी एक महिना. ज्याने आदेश पाहिलाच नाही त्याचे महिने कोण मोजणार? ‘पोर्टलवर टाकले’ हे सरकारचे ‘मी बघतो’ आहे.

आणि ग्राहकांनो, तुम्हीही. ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या, रिटर्नवाल्याचा नाही. पासवर्ड स्वतःकडे ठेवा. ओटीपी सांगण्याआधी विचारा, कशासाठी? ‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करा. घरात कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर महिन्यातून एकदा त्यांच्याकडून पोर्टल उघडून घ्या. आपल्या वस्तीत मुले-मुली शिकत आहेत. त्यांचे शिक्षण घरच्या कागदालाही लागू द्या.

माझ्याकडे आता प्रत्येक रिटर्नबरोबर एक कागद जातो. एकाच पानाचा, मराठीत. ज्यांना हवा त्यांना हिंदीत किंवा उर्दूत. उत्पन्न किती दाखवले, कोणती वजावट कशाच्या आधारावर घेतली, कर किती, माझी फी किती, यंदा तुमच्यासाठी काय बदलले आणि पुढची तारीख कोणती. खाली ग्राहकाची सही. लिहायला मला अर्धा तास लागतो. पहिला कागद चाचांना दिला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, एका आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘ये कैसे आया, भाई?’

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आकडा बरोबर होता. तरी मी फाईल उघडली आणि त्यांना दाखवला.