ओळंब्यांत घेतलेलें छायाचित्र

गेल्या वर्षभरांत आमच्या नात्यांतलीं दोन घरें विकावयास निघालीं. एक साताऱ्यास शनिवार पेठेंत, दुसरें सांगलीस गावभागांत. घर विकणें ही कांहीं आनंदाची गोष्ट नव्हे. परंतु एकटें पिकलें पान घरांत आणि मुलें पुण्यास नाहीं तर अमेरिकेंत, अशी स्थिति झाल्यावर केवळ दिवाबत्तीपुरतें घर किती दिवस ठेवावयाचें? पूर्वीं अशी गोष्ट चार जणांच्या कानांवर घातली म्हणजे पुरत असे. हल्लीं पहिल्या प्रथम छायाचित्रें मागतात. घेणारा दूरगांवीं असतो, आणि प्रत्यक्ष पाहावयास यावें कीं न यावें हें तो चित्रावरूनच ठरवितो. म्हणून घराच्या आंतील भागाचीं चित्रें कशीं घ्यावीं व घेतल्यावर कशीं सुधारावीं, याविषयीं या महिन्यांत लिहावयाचें योजिलें आहे.

साताऱ्याच्या वाड्याचीं पहिलीं चित्रें माझ्या पुतण्यानें घेतलीं. माजघराच्या कोपऱ्यांत उभें राहून, मोबाईल डोक्यावर धरून व खालीं कलता करून त्यानें बटण दाबलें. भिंग अतिरुंद. थोरल्या वहिनींनीं चित्र पाहिलें आणि म्हणाल्या, "अरे, हें आपलें माजघर आहे कीं वऱ्हाड उतरावयाचें कार्यालय? आणि खांब असे रे काय, झिंगल्यासारखे?"

"काकू, सगळे असेंच काढतात. खोली मोठी दिसते."

खोली मोठी दिसते हें खरें. पण अकरा फुटांचें माजघर वीस फुटांचें मानून जो पुण्याहून गाडी करून येतो, तो उंबरठ्यावरच खट्टू होतो आणि मग त्याला वाड्याचें सागवानहि गोड लागत नाहीं.

खांब झिंगलेले नव्हते, कॅमेरा कलला होता. दूरची वस्तु लहान व जवळची मोठी दिसते, हा नियम आगगाडीच्या रुळांवरून सर्वांना ठाऊक आहे. कॅमेरा वरून खालीं कलता धरला कीं खांबांचे पाय त्याच्या दृष्टीनें दूर पडतात आणि माथे जवळ येतात. म्हणून खांब पायांशीं जुळलेले व माथ्यांशीं फाकलेले दिसतात. खालून वर कलता धरला कीं उलट होतें. कॅमेरा ओळंब्यांत असेल तरच उभी रेषा उभी राहते. चित्रकलेंत या साऱ्या विषयाला यथार्थदर्शन असें नांव आहे.

वाईजवळ मेणवलीस नाना फडणवीसांचा वाडा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांनीं चौकाच्या मधोमध उभें राहून समोरची ओसरी कशी दिसते तें आठवावें. खांब एका ओळींत आणि मान कोठेंहि वांकडी करावी लागत नाहीं. समोरासमोरचें चित्र म्हणजे हेंच. कोपऱ्यांतून घेतलेल्या चित्राला खोली फुगवून सांगतां येते. समोरून घेतलेलें चित्र भिंतीची रुंदी व उंची यांचें प्रमाण जसेंच्या तसें ठेवतें.

यासाठीं कोणती भिंत दाखवावयाची हें आधीं ठरवावें आणि तिच्यापासून शक्य तितकें मागें सरावें. दार उघडें टाकून पलीकडच्या खोलींत उभें राहिलें तरी चालेल. कॅमेरा तिपाईवर, जमीन व छत यांच्या मध्यापेक्षां किंचित खालीं असावा. आठ-नऊ फूट उंचीच्या खोलीस चार फूट ठीक. कॅमेऱ्याची पाठ समोरच्या भिंतीशीं समांतर पाहिजे. ती आहे कीं नाहीं हें भिंत व जमीन जेथें मिळतात त्या रेषेवरून कळतें. ती रेषा डावीकडे वर चढत असेल तर भिंतीची डावी बाजू कॅमेऱ्यापासून दूर पडली आहे असें समजावें व कॅमेरा अंमळ उजवीकडे वळवावा. हल्लींच्या मोबाईलमध्यें पडद्यावर चौकटी आखून घेण्याची व पाणसळीचें काम करणारी सोय असते. ती फुकट असूनहि फारसें कोणी वापरीत नाहीं. दिवे व ऊन एकाच चित्रांत मिसळूं नयेत, भिंती अर्ध्या पिवळ्या व अर्ध्या निळसर येतात. बाकी केर काढा, दोरीवरचे कपडे उचला, हें गृहिणींना मीं सांगावें असें नाहीं.

पूर्वींच्या भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगाची फळीच वर-खालीं सरकवितां येत असे. कॅमेरा न कलवितां उंच छत चित्रांत येई. आतां तें काम बहुधा मागाहून संगणकावर करतात. त्याला क्रम आहे. रुंद भिंगानें कडेच्या रेषा धनुष्यासारख्या बाहेर वांकतात, तो बांक प्रथम काढावा. मग चित्राचा एकंदर कल, नंतर उभ्या रेषा, शेवटीं आडव्या. प्रत्येक दुरुस्तींत कडा कातरल्या जातात, म्हणून मुळांतच चोहोंकडे थोडी जागा सोडून चित्र घ्यावें. उभ्या रेषा फार ओढाव्या लागल्या तर खोली ताणल्यासारखी उंच होते. चित्राच्या मध्यभागीं भिंतीवरचें गोल घड्याळ असेल तर तें गोलच राहिलें आहे ना, एवढें पाहावें.

येथवर सर्व यंत्राच्या हातचें. पण आमच्या माजघराचें चित्र यंत्रानें आपोआप सरळ केलें आणि देवघराची चौकट कलंडली! पुन्हां केलें, पुन्हां तेंच. शेवटीं मीं गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. डावीकडचा खांब आपल्या तळखड्यावरून खरोखरच दोन इंच झुकलेला निघाला. पांढऱ्या मातीची जाड भिंतहि वर निमुळती होत गेलेली. यंत्राचा समज असा कीं खोलींतली प्रत्येक उभी रेषा ओळंब्यांत असावयाचीच. नव्या इमारतींत तो बहुधा खरा ठरतो, जुन्या वाड्यांत नाहीं. तेव्हां आम्हीं देवघराची चौकट ओळंब्यानें तपासून तीच प्रमाण धरली आणि चित्र तिच्यावर सरळ केलें. खांब झुकलेला दिसला तो दिसला. तो वाडा अद्याप विकला गेलेला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

सांगलीचें घर माझ्या ताईचें. १९२९ सालीं खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्याहि वर गेलें आणि गावभाग बुडाला. ताईच्या बैठकींत खिडकीच्या निम्म्यापर्यंत पाणी होतें. त्यानंतर दोनदां रंग दिला, तरी पावसाळा आला कीं ओलीची पिंगट रेघ चारी भिंतींवर उमटते. दलालानें चित्रें पाहून सांगितलें, "ही रेघ पुसायला मिनिटभर पुरे." ताई कांहीं बोलली नाहीं. त्या घराच्या पैशांवरच तिचें पुढचें सारें आयुष्य जावयाचें होतें आणि रेघेची किंमत लाखांत होती. मीहि त्या रात्रीं, रेघ रंगाखालींच राहिली असती तर आपण ती दाखविली असती काय, असा उलटा विचार करीत पडलों.

कायदा स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनहि न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें सांगितलाच पाहिजे. दलालाचें म्हणणें, पूर आला होता हें साऱ्या सांगलीस ठाऊक आहे, मग त्यांत सांगावयाचें काय? पण चित्र पाहणारा सांगलीचाच असेल असें कोठें आहे? कॅमेऱ्याच्या कलण्यानें आलेला वांकडेपणा काढावा, कारण तो घराचा नव्हे. रेघ घराची होती. दुसऱ्या दिवशीं चित्र सरळ करावयास बसलों आणि आधाराला आडवी रेषा शोधूं लागलों. कपाटें कललेलीं, फरशी एका बाजूस खचलेली. तक्रार न करितां चौकटीच्या कडेशीं तंतोतंत जुळली ती तीच पिंगट रेघ. स्थिर पाण्यानें ओढलेली ती, तिच्याहून खरी पाणसळ त्या घरांत दुसरी कोठून असणार? चित्र तिच्यावरच सरळ केलें आणि खालीं पुराचें साल लिहिलें.

दलालानें दुसरें गिऱ्हाईक पाहा म्हणून सांगितलें. दोघांनीं फोनवरच नकार दिला. तिसरे गृहस्थ मिरजेचे. ते मोजपट्टी घेऊनच आले, रेघेची उंची मोजली आणि किंमत बरीच खालीं मागितली. व्यवहार अजून बोलण्यांत आहे. निघतांना त्यांनीं २०२१ च्या पाण्याचें विचारलें, तेव्हां ताई स्वतः अंगणांत उतरली आणि तें कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें, तें तिनें त्या पायरीवर उभें राहून दाखविलें.