'हिटलर पाहिजे' म्हणणाऱ्यांनो, त्या बांधावर काय झालं ते वाचा

"देशाला एकदा हिटलरच पाहिजे!" चहाच्या टपरीपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत हे वाक्य ऐकू येतं. आता पुराव्यादाखल फॉरवर्ड फिरतोय: जर्मनीचं सगळं सैन्य यंत्रावर चालणारं, शिस्त अशी की पाच दिवसांत हॉलंड खिशात. खाली हात जोडलेले इमोजी.

भावांनो, त्याच पाच दिवसांतली एक गोष्ट सांगतो.

१० मे १९४० ला हल्ला सुरू झाला. हॉलंडच्या उत्तर भागावर हिटलरने कोणाला पाठवलं? पहिल्या घोडदळ डिव्हिजनला. हो, घोडदळ! ग्रोनिंगेन, ड्रेन्थ, फ्रिसलँड हा मुलूख त्यांनी भराभर ओलांडला, कारण तिथं डच फौज थोडकीच होती. पुढे लागला समुद्र अडवून बांधलेला ३२ किलोमीटरचा बांध, आफस्लाउटडाइक. त्याच्या तोंडाशी कोर्नवेर्डरझांडला काँक्रीटचे मोर्चे आणि आत कॅप्टन बूर्स यांची सव्वादोनशेच्या आसपास माणसं.

१३ मे ला आधी विमानं आली, मग तोफा, मग सायकलवरचे सैनिक. दोन्हीकडे पाणी, आडोसा शून्य. मशीनगनपुढे त्यांचं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी डच युद्धनौकेने समुद्रातून त्यांच्या तोफांवर मारा केला. लढून तो बांध जर्मनांना शेवटपर्यंत मिळाला नाही.

"पण हॉलंड पडलंच ना?" पडलं. दक्षिणेत रणगाडे होते, छत्रीधारी सैनिक होते, ते कोण नाकारतंय? पण शेवटचा घाव कोणावर घातला? १४ मे ला शरणागतीची बोलणी चालू असताना रॉटरडॅम शहरावर बॉम्ब टाकले. आठशेहून जास्त माणसं मेली, सुमारे ८० हजार बेघर झाली. आता उट्रेख्तची पाळी, अशी धमकी आली तेव्हा डचांनी शस्त्रं ठेवली. गावं जाळायची धमकी देऊन वसुली करणाऱ्याला आपण शिस्तीचा माणूस म्हणतो का?

आणि यंत्राचं म्हणाल तर १९४१ ला रशियावर चाल करताना याच सैन्याबरोबर सहा लाखांहून जास्त घोडे होते. आपली ही डिव्हिजन प्रिपेटच्या दलदलीत राबली. वर्षअखेरीस तिचे घोडे काढून तिची २४ वी पॅन्झर डिव्हिजन केली, ती स्टालिनग्राडला संपली. गंमत बघा, पोलंडचे घोडेस्वार रणगाड्यांवर भाले घेऊन धावले, ही थाप हेच लोक जगभर पिकवत होते. स्वतःचे घोडे मात्र सिनेमाच्या रिळांत मागे ठेवायचे.

ऐंशीहून जास्त वर्षं झाली आणि आपण गोबेल्सची जाहिरात अजून फुकट वाटतोय. डेटा आपला, नाव त्याचं.

त्या 'शिस्ती'खाली हॉलंडमधले एक लाखाहून जास्त ज्यू मारले गेले. अ‍ॅन फ्रँक त्यातलीच. बांध राखणाऱ्या कॅप्टन बूर्स यांना प्रतिकार चळवळीत भाग घेतला म्हणून १९४२ मध्ये गोळ्या घातल्या.

तेव्हा पुढच्या वेळी तो फॉरवर्ड पाठवायचाच असेल, तर खाली रॉटरडॅमच्या मेलेल्यांचा आकडा पण टाका. मग बघू किती हात जोडले जातात.