मशीन कुठे ताटकळतं?

आमच्या बालाघाटात जुना संगणक दुरुस्तीला नेला की तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला : "भाऊ, प्रोसेसर म्हातारा झाला, नवं मशीन घ्या." दुसरा : "एसएसडीच्या नादी लागू नका, लवकर मरते. हार्ड डिस्कच भरोशाची." तिसरा, नव्या पोरांचा : "टाकायचीच तर सगळ्यात वेगवान एनव्हीएमई टाका, सगळं पळायला लागेल." तिन्ही सल्ले मनापासूनचे असतात, पण तिन्ही अर्धे आहेत. त्यांच्यापायी लोकांचे कष्टाचे पैसे वाया जातात, म्हणून हा वाद घालतो.

उदाहरण आपल्याच जंगलातलं घेऊ. कान्हा राष्ट्रीय उद्यान मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. मुक्कीचं फाटक आपल्याकडे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत कान्हासह देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रं टिपली. त्यांतली वाघांची फक्त ७६,६५१. उरलेल्या ढिगातून वाघ वेगळे काढायला आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायला खास प्रोग्राम वापरावे लागले. संगणकाला घाम फोडणारं काम म्हणतात ते हे.

आता पहिल्या सल्ल्याचं खंडन. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ८. एक छोटी फाइल सापडायलाच १२ मिलिसेकंद गेले. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची ३ कोटी ६० लाख चक्रं निघून जातात. प्रोसेसर म्हातारा नाही, तो वाट बघत बसलाय. व्याघ्रगणनेसारख्या कामाचा हिशेब मांडा : सगळी छायाचित्रं एकाच यंत्रावर, एकामागून एक उघडायची म्हटली, तर नुसत्या शोधाशोधीत ११६ तास, म्हणजे जवळजवळ पाच दिवस जातील. एसएसडीत फिरणारं काही नाही. तिचा शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. पाच दिवसांचं काम तासाभरावर येतं. अशा ठिकाणी डिस्क न बदलता नवं मशीन घेणं म्हणजे विहिरीचा दोर तुटला म्हणून नवी विहीर खणणं.

दुसरा सल्ला भीतीतून येतो. एसएसडीच्या पेशी लिहून लिहून झिजतात, हे खरं. पण किती? चांगल्या ५०० जीबी ड्राइव्हवर ३०० टीबी लिखाणाची हमी सर्रास असते. रोज ५० जीबी लिहिलं तरी ती सोळा वर्षांत संपते. भीतीतला खरा भाग वेगळा आहे, आणि तो मी मान्य करतो. हार्ड डिस्क मरण्याआधी पुष्कळदा खडखडते. एसएसडी एखाद्या दिवशी न सांगता गप्प होते, आणि पुसलेला मजकूर तिच्यातून परत मिळणं अवघड असतं. वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायलाही ती योग्य नाही. म्हणून हार्ड डिस्क फेकू नका. काम एसएसडीवर करा आणि बॅकअप हार्ड डिस्कवर ठेवा. मोठा साठा स्वस्तात सांभाळण्यात आजही तिचा हात धरणारं कोणी नाही.

तिसरा सल्ला सगळ्यांत मोहाचा, कारण त्यात आकडे आहेत. साटा ही एसएसडीची जुनी जोडणी, एनव्हीएमई ही नवी. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, चौथ्या पिढीची एनव्हीएमई ७,००० च्या घरात जाते. मग तेरापट वेग? मोठ्या, सलग फाइलींसाठी हो. लग्नसराईत चार कॅमेऱ्यांचं फोर-के चित्रण एकाच टाइमलाइनवर ओढणाऱ्याने जरूर घ्यावी. पण छोट्या, विखुरलेल्या फाइलींत खरी उडी हार्ड डिस्क ते एसएसडी एवढीच आहे, शंभरपटीहून मोठी. पुढची पायरी त्यामानाने लहान.

पुन्हा व्याघ्रगणनेकडे चला. समजा, एका छायाचित्रातला प्राणी ओळखायला प्रोग्रामला अर्धा सेकंद लागतो. सगळी छायाचित्रं ओळखायला २०१ दिवस! तिथे डिस्कचे पाच दिवस वाचवून काय साधलं? तिथे पैसा ग्राफिक्स कार्डावर घालायला हवा, कारण ओळखण्याचं काम तेच वेगाने करतं. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर संगणनाबद्दल मांडलेलं तत्त्व इथेही लागतं : कामाचा जेवढा भाग तुम्ही वेगवान कराल, फायदा तेवढ्याच भागापुरता.

तर माझं मंडन हे. खरेदीआधी मोजा. तुमचं जड काम सुरू करा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि दहा मिनिटं बघा. मेमरी काठोकाठ भरली असेल तर आधी रॅम वाढवा. ती अपुरी असली की संगणक डिस्कलाच रॅम म्हणून राबवतो. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर डिस्क बदलून उपयोग नाही. पण डिस्क शंभरावर आणि प्रोसेसर पंधरा-वीसवर असेल, तर निवाडा झाला. जुन्या मशीनला साधी साटा एसएसडी पुरते. एम.२ ची खाच असेल तर ती साटा मानते की एनव्हीएमई, हे मदरबोर्डाच्या माहितीपत्रकात पाहा. दोन्हींचे ड्राइव्ह दिसायला जवळजवळ सारखेच असतात.

आपल्या जिल्ह्यात संगणक हौसेपेक्षा पोटासाठी जास्त घेतला जातो : फोटो स्टुडिओत, हिशेबाच्या टेबलावर, नकाशांच्या कामात. त्या माणसाला सर्वात महागडं काय, हे सांगू नका. त्याचं मशीन कुठे ताटकळतंय, ते दाखवा. एवढी दहा मिनिटं दुकानदाराने दिली, तर गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचतील.