हडफड्याचा दोष एकट्या पंचायतीचा?

'पंचायती डोळे मिटून बसतात, म्हणून किनारी गावांत बेकायदा बांधकामे उठतात,' हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्यांनीच दिलेले गोव्यातील हडफड्याचे उदाहरण पाहा. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री तिथल्या नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ माणसे गेली. ते बांधकाम पाडण्याचा आदेश पंचायतीने आधीच काढला होता. त्याला स्थगिती मिळाली ती पंचायत संचालनालयाकडून. अर्थात व्यापार परवानाही त्याच पंचायतीने दिलेला, तेव्हा तिला निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही.

'अग्निशमन दलाचा दाखला सक्तीचा केला की झाले,' हा त्यांचा उपाय मात्र फारच भाबडा वाटतो. क्लबकडे जाणारी वाट अरुंद असल्याने बंब दूरच थांबवावे लागले. मृतांपैकी २० जण तिथले कामगार होते आणि बरेचसे तळघरात धुराने गुदमरून गेले. भिंतीवर टांगलेल्या नळकांड्याने ना वाट रुंद होते, ना तळघराला दुसरा जिना फुटतो. या गोष्टी बांधकाम परवान्याच्या वेळीच पाहायच्या असतात. हा क्लब तर मिठागराच्या जमिनीत होता; तिथे परवान्याचा प्रश्नच येऊ नये.

अपिलाचा हक्क मालकाला जरूर असावा. पण स्थगिती फक्त पाडण्याला मिळावी, धंद्याला नव्हे. निकाल लागेपर्यंत टाळे राहू द्या. आपल्या गावात अशी स्थगिती किती बांधकामांना मिळाली आहे, त्याची यादी वाचकांनी येत्या ग्रामसभेत मागावी.

— एक वाचक, बार्देश