धारचा खांब आणि रस्त्यावरची ऐरण

मांडूला निघालेले आपण इंदूरकर धारला चहापुरते थांबतो. लाट मशिदीकडे गाडी वळवणारे थोडेच. तिथे ओट्यावर लोखंडी खांबाचे तीन तुकडे ठेवले आहेत. एकूण लांबी सुमारे १३ मीटर, वजन सुमारे ७ टन. दिल्लीचा लोहस्तंभ याच्या जवळपास निम्म्या उंचीचा, पण नाव झाले ते त्याचेच.

हा खांब भोजराजाच्या काळातला, म्हणजे अकराव्या शतकातला मानतात. १४०५ मध्ये दिलावर खानाने बांधलेल्या मशिदीला नाव मिळाले ते या 'लाटे'मुळेच. पुढे गुजरातच्या बहादूरशहाने तो न्यायचा घाट घातला आणि त्यात तो मोडला, असे जहांगीराने आठवणींत लिहून ठेवले आहे.

माझी नजर मात्र दरवेळी सांध्यांकडे जाते. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. मातीची भट्टी, लाकडी कोळसा आणि भाता यांच्या जोरावर तेवढी आच मिळत नसे. भट्टीतून निघे तो कीट मिसळलेला, सच्छिद्र गोळा. तो तापवून घणाने ठोकायचा, कीट बाहेर काढायचे, मग एकाला दुसरा गोळा जोडायचा. ताव जरा उतरला की सांधा कच्चा. तापमान मोजायचे साधन एकच, डोळा. लाल, केशरी, पिवळा हे रंग ओळखणारी नजर बापाकडून मुलाकडे यायची. असे ७ टन जोडणारे लोहार किती असतील? एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट नर्मदाकाठची, बडवाहची. १८६० च्या सुमारास निमाडचे पोलिटिकल एजंट कीटिंग यांनी तिथे लोखंडाचा कारखाना काढला आणि मिटांडर नावाचा स्वीडिश तज्ज्ञ बोलावला. स्वीडन का? तिथेही लोखंड लाकडी कोळशावरच निघे. भट्टी उभी राहिली, पण नियमित उत्पादनाआधीच १८६४ मध्ये सरकारने काम गुंडाळले. पुढे तुकोजीराव होळकरांनी इंदूरच्या रेल्वेसाठी एक कोटींचे कर्ज दिले. ती रेल्वे बडवाहवरूनच आली, पण बडवाहच्या लोखंडाशिवाय.

दोन्ही गोष्टींचे सार मला एकच दिसते. कसब आटते ते हात थकतात म्हणून नव्हे, काम मिळत नाही म्हणून.

काम असेल तर कसब टिकते, याचा पुरावा हवा असेल तर रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या गाडिया लोहारांकडे पाहा. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा निखाऱ्यात लाल होतो, पुरुष तो सांडशीत धरून ऐरणीवर फिरवतो, बाई घण घालते. दोघांत एक शब्द नाही, तरी ठोका चुकत नाही. शेवटी पाणी देताना तो रंगच पाहतो, धारच्या लोहारांनी पाहिला तसा.

आपण धारच्या खांबाभोवती कुंपण घालतो आणि या माणसांना 'अतिक्रमण' म्हणून हटवतो. निदान घरातला विळा किंवा कुऱ्हाड त्यांच्याकडून घ्या, आणि भावात घासाघीस करू नका.