बाँडवरचं घर आणि बुलडोझरची भीती: गुंठेवारीतल्या आपल्या वस्त्यांनी आता काय करावं?

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडेला नारेगाव, मिसारवाडी, हर्सूल, जटवाडा रोड, पडेगाव अशा वस्त्या आहेत. आपली असंख्य कुटुंबं तिथे राहतात. बहुतेकांच्या घराची गोष्ट सारखीच. २० बाय ३० चा प्लॉट, म्हणजे ६०० चौरस फूट. आधी दोन खोल्या आणि पत्रे, मग पोराचं लग्न ठरलं की स्लॅब. पैसा बिसीचा, सोनं मोडल्याचा, नाहीतर आखातात राबणाऱ्या भावाने पाठवलेला. आणि कागद? शंभर रुपयांचा बाँड, त्यावर नोटरीचा शिक्का.

जून २०२५ मध्ये शहरात मुकुंदवाडीपासून रस्ता रुंदीकरणाची मोठी पाडापाडी सुरू झाली, तेव्हा या बाँडची किंमत सगळ्यांना कळली. जेसीबी दारात आल्यावर पहिला सवाल होतो, "बांधकाम परवानगी कुठे आहे?" मोबदल्याची गोष्टही तिथेच अडते. आपल्या वस्त्यांमध्ये पाणी, ड्रेनेज, रस्ते हे प्रश्न आहेतच. पण घराच्या कागदाचा प्रश्न त्या सगळ्यांच्या आधी येतो, कारण घरच राहिलं नाही तर नळ कुठे बसवणार?

आपण कडेला का आलो?

जुन्या शहरातली घरं वाटण्यांमध्ये लहान होत गेली. नव्या कॉलन्यांमध्ये भाव परवडत नाही, आणि परवडला तरी नाव ऐकून "फ्लॅट गेला" असं उत्तर मिळतं. मुस्लिमांना घर विकत किंवा भाड्याने घेताना येणाऱ्या या अडचणीची नोंद सच्चर समितीने २००६ सालीच केली होती. मग उरतो तो शेतकऱ्याने किंवा एजंटाने गुंठ्यागुंठ्याने विकलेला प्लॉट. तो हप्त्यावर मिळतो, शेजारी आपले असतात, मशीद जवळ असते. कागद मात्र कच्चा.

तो कच्चा का, हेही समजून घेऊ. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करता येत नाहीत. आज ही मर्यादा बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे आहे. आपला प्लॉट जेमतेम अर्ध्या गुंठ्याचा! जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने अशा व्यवहारांवर परिपत्रक काढलं आणि रजिस्ट्री आणखी अडली. लोकांनी मग बाँडवरच व्यवहार केले. पण नोंदणीशिवाय मालकी बदलत नाही. मुखत्यारपत्र किंवा साध्या करारनाम्याने जमीन नावावर होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

तीन गोष्टी, तीन कागद

आपल्याकडे सर्वात मोठा गैरसमज असा की घरपट्टी भरली, लाइट बिल नावावर आलं, म्हणजे घर पक्कं झालं. तसं नाही. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे आणि लाइट बिल राहत असल्याचा. घर पक्कं व्हायला तीन वेगळ्या गोष्टी लागतात.

पहिली, जमिनीची मालकी: नोंदणीकृत खरेदीखत आणि सातबारा किंवा पीआर कार्डावर नाव. दुसरी, प्लॉट नियमित असणं. तिसरी, बांधकामाची परवानगी. एक असली म्हणजे बाकीच्या दोन आपोआप येत नाहीत.

दोन वाटा सध्या उघड्या आहेत. गुंठेवारी कायदा २००१ चा. आधी त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचीच गुंठेवारी बसत होती, २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. त्यासाठी नकाशासह फाइल महापालिकेत द्यावी लागते आणि शुल्क भरावं लागतं. दुसरी वाट २०२५ ची. राज्य सरकारने तुकडेबंदी कायदा बदलून शहरी हद्दीतले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे तुकडे विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय घेतला. याने जमिनीच्या व्यवहाराची अडचण सुटते. वर उभ्या असलेल्या बांधकामाला मात्र याने परवानगी मिळत नाही. एजंट नेमकं हेच सांगत नाहीत.

सरकारी जमीन, आरक्षण किंवा रस्त्याच्या आखणीत घर असेल तर मामला अवघड आहे. प्लॉट घेण्याआधीच विकास आराखडा पाहा आणि सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना वाचा. तिथे वक्फची नोंद असेल तर हात लावू नका. वक्फ जमिनीची विक्री कायद्याने रद्दबातल आहे, विकणारा आपलाच माणूस असला तरी.

फाइल करायला खर्च येतो, हे खरं. रोज कमावून खाणाऱ्या घराला ती रक्कम जड जाते. पण कच्च्या कागदाचाही खर्च आपण भरतोच. बँक कर्ज देत नाही, म्हणून खासगी फायनान्सचं व्याज भरतो. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाख मिळतात, पण त्यासाठी जागा नावावर लागते.

नोटीस आली तर

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पाडापाडीचे नियम घालून दिले आहेत. रजिस्टर पोस्टाने नोटीस, घरावरही चिकटवणं, किमान १५ दिवसांची मुदत, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतर पुन्हा १५ दिवस आणि कारवाईचं चित्रीकरण. मात्र रस्ता, फूटपाथ, नदी किंवा रेल्वेलगतच्या सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही, आणि कोर्टाच्या आदेशाने होणाऱ्या पाडकामालाही नाही. म्हणून नोटीस नाकारू नका. ती घ्या, तारीख लिहून ठेवा, वकिलाकडे जा आणि मुदतीच्या आत लेखी उत्तर देऊन पोच घ्या.

नाव कुणाचं?

बाँड अब्बांच्या नावावर असतो. अब्बा गेले की बाँड एका भावाच्या कपाटात, आणि बहिणींचा हिस्सा कुणाच्या तोंडातही नाही. शरीयतने ठरवून दिलेला विधवेचा आणि मुलींचा वाटा कच्च्या कागदात सहज गडप होतो. नव्याने खरेदीखत होणार असेल तर घरातल्या बाईच्या नावाचा विचार करा. राज्यात निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. देणंघेणं साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण जबानी शब्दावर लाखोंचे व्यवहार करतो, तेव्हा हे विसरतो.

एकट्याने महापालिकेच्या चकरा मारण्यापेक्षा गल्लीने मिळून काम करावं. एका सर्व्हे नंबरमधली २०-३० घरं एकत्र आली तर मोजणी आणि आर्किटेक्टचा खर्च वाटला जातो, आणि मूळ शेतमालकाच्या वारसांना सहीसाठी एकदाच गाठता येतं. ते वारस आज हयात आहेत, ओळखतात. दहा वर्षांनी त्यांची मुलं ओळखतीलच असं नाही. मशीद कमिट्यांनी जुम्याच्या नमाजनंतर तासभर कागद तपासणीचं टेबल लावावं, आपल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी तिथे बसावं. नगरसेवक मत मागायला आले की त्यांना गुंठेवारी शिबिराची तारीख विचारावी.

या आठवड्यात घरातली कागदांची पिशवी काढा. बाँड, घरपट्टी, लाइट बिल, जुनी पावती, जे असेल त्याच्या झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि आपला सर्व्हे नंबर कोणता ते शोधा. सुरुवातीला एवढं पुरे.